फावड्याची सुटका

फार जुनी गोष्ट. हिमालयातल्या एका गावात बर्फ उपसणारं एक फावडं होतं. “चुलीपाशी पळ्या-झाऱ्यांत बसणं मला शोभत नाही,” म्हणत ते अंगणातच झोपायचं.

एकदा असं हिमवादळ झालं की सकाळी दार उघडेना. घरधनीण छेरिंगकाकू खिडकीतून ओरडली, “फावड्या, कुठं मेलास?”

बर्फाखालून आवाज आला, “आधी मला बाहेर काढा, मग तुमच्या सुटकेचं बघू.”

काकू डाळीची पळी घेऊन खिडकीतून उतरली. उकरून उकरून पळी वाकली, तेव्हा कुठं फावडं निघालं. मग त्यानं दारापुढचा बर्फ उपसला.

संध्याकाळी चुलीपाशी शेकत फावडं म्हणालं, “आज माझ्यामुळे घर वाचलं.”

वाकड्या पळीनं डाळीतून डोकं वर काढलं. “हो बाबा. आज अंगणात नक्की कुठं झोपणार, तेवढं सांगून ठेव.”