नावांवरच्या चिकटपट्ट्या

एका धर्मादाय रुग्णालयात एकदा एक वृद्ध शल्यविशारद स्वतःच रुग्ण होऊन दाखल झाले. मानेच्या मणक्यांमधल्या दोन चकत्या सरकून नस दबली होती आणि ज्या हाताने त्यांनी जन्मभर शस्त्रक्रिया केल्या, त्या हातातून चहाची बशी निसटू लागली होती. शस्त्रक्रिया करणार होता त्यांचाच शिष्य.

शिष्य बुद्धिमान आणि कष्टाळू. मानेत बसवायच्या रोपणांची तुलना करण्यात त्याने काही वर्षे घालवली होती. एक धातूचा साधा पिंजरा. स्वस्त, भरवशाचा, पण वरखालचे मणके कायमचे जोडून टाकणारा. दुसरी हलती कृत्रिम चकती. ती मान वळू देते, पण किंमत कित्येक पट. कोणत्या रुग्णात जादा खर्च सार्थकी लागतो आणि कोणात पाण्यात जातो, हे तो इतके सुरेख समजावून सांगे की गुरूंनाही त्याचा अभिमान वाटे.

पण खुद्द गुरूच खाटेवर आल्यावर शास्त्र कोण उघडून बसतो! सगळ्या शिष्यांनी वर्गणी काढली आणि गुरूंसाठी हलत्या चकत्या मागवायचे ठरवले.

त्याच वॉर्डात भिकाजी नावाचा रंगारी होता. देवळांच्या सभामंडपांची छते रंगवणारा. दुखणे हुबेहूब तेच. त्याच्यासाठी रुग्णालयाच्या निधीतून पिंजरे मंजूर झाले.

"डाक्टर, हात सुधारंल म्हंता, पर मान वर हुईल न्हवं? आमचं समदं काम वर बगून असतंय," भिकाजीने विचारले.

"थोडी आखडेल. सवय होईल," असे म्हणून शिष्य पुढच्या खाटेकडे वळला. पलीकडच्या खाटेवरून गुरूंनी हे ऐकले.

दुपारी गुरूंनी वॉर्डातल्या सगळ्या मानेच्या रुग्णांचे एक्स-रे मागवले. परिचारिकेकडून चिकटपट्टी घेतली आणि प्रत्येकावरचे नाव झाकले. वय तेवढे उघडे ठेवले. मग शिष्याला बोलावून म्हणाले, "सांग, कोणाला काय बसवशील?"

या वयातही सरांची परीक्षा घ्यायची हौस जात नाही, असे वाटून शिष्य मनात हसला. त्याने पहिला एक्स-रे उजेडात धरला.

"वय सत्तरीपार. मणक्यांचे मागचे सांधे झिजून घट्ट झालेत. इथे पिंजरा. हलती चकती म्हणजे खिळे ठोकून बंद केलेल्या खिडकीला नव्या बिजागऱ्या."

"आणि हा?"

"चाळिशीचा. सांधे शाबूत. कामाची बरीच वर्षं बाकी. इथे हलती चकती. पिंजऱ्याने आज पैसे वाचतील, पण शेजारच्या चकत्यांवर ताण येऊन पुढेमागे पुन्हा चिरफाड करावी लागू शकते. हिशेबात महागच पडेल."

गुरूंनी दोन्ही पट्ट्या सोलून काढल्या. पहिला एक्स-रे त्यांचा होता, दुसरा भिकाजीचा.

शिष्याचा चेहरा खर्रकन उतरला. "सर, तुम्हाला सगळ्यात चांगलं मिळावं म्हणून…"

"तुझी तुलना अचूक आहे," गुरू म्हणाले. "मीही तिच्यातून शिकलो. पण नाव दिसलं की तू मानेकडे बघायचा थांबलास. माझ्या बाबतीत भक्ती आडवी आली, त्याच्या बाबतीत त्याची गरिबी. माझ्या मानेत ती महाग चकती मुकाट पडून राहील. आणि त्याच्यावर केलेल्या काटकसरीची किंमत तो रोज शिडीवर उभा राहून भरत बसेल. वर्गणी त्याच्याकडे वळव. यात माझा त्याग वगैरे काही नाही, उगाच सांगत फिरू नकोस. निर्णय तुझाच आहे, आत्ताच दिलेला."

"पण लोक म्हणतील, गुरूला स्वस्तातलं बसवलं."

"म्हणू देत. तू बसवशील ते नीट बसव, म्हणजे झालं."

शिष्याला फार लाज वाटली. तो उठला आणि भिकाजीच्या खाटेच्या कडेवर जाऊन बसला.

"भिकाजी, छत रंगवताना मान किती वर करावी लागते?"

भिकाजी त्याच्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "आता दुखतीया, दावता येत न्हाई. बरं करा, मंग देवळात या. शिडीवर चडून दावतो."