सातव्या प्रोग्रामची निवड

फार जुनी गोष्ट नाही. पण संगणकांच्या आयुर्मानाने मोजली तर पुराणकाळातली. दिनकरराव उपळेकरांच्या लिनक्स संगणकात गावच्या विहिरींविषयीच्या चारशे नोंदी राहत होत्या. त्यांचे पुस्तक व्हायचे होते. त्यासाठी नोंदींची मांडणी करणारा प्रोग्राम दिनकरराव तीन वर्षे निवडत होते. एकात पोटमुद्दे छान बसत, पण अक्षर आवडत नसे. दुसऱ्यात अक्षर देखणे, तर पोटमुद्दे बसत नसत. दर वेळी नोंदींचे बिऱ्हाड हलत असे.

सर्वांत जुनी नोंद प्रत्येक प्रोग्रामला विनवी, "बाबा रे, आधी मला त्यांच्यासमोर उघड!" तिच्यात लिहिले होते : 'भिकोबा पाथरवटांना विचारणे. बुजलेली बारव कुठे होती, हे आता त्यांनाच ठाऊक.'

"आधी माझी निवड तर होऊ दे," प्रत्येकजण म्हणे.

अखेर सातवा प्रोग्राम पसंत पडला. त्याने ऐटीत विचारले, "बोला आजीबाई, कुठे बसवू?"

"आता कुठेही बसव. शेजारची नवी नोंद वाचलीस ना? भिकोबा वारले."

"अरेरे," प्रोग्राम म्हणाला, आणि त्याने तिला तत्परतेने 'पूर्ण झालेली कामे' या मथळ्याखाली बसवले.