चिंधी नावाची मुळी

झाडपाल्याचं औषध देणारी कोंडाबाई पुस्तकाच्या प्रकाशनाच्या सभेत नुसती धुमसत होती. वर्षभर तिच्यामागे माणदेशचा माळ तुडवून मुळ्या ओळखायला शिकलेले प्राध्यापक कर्णिक मंचावरून सांगत होते, “या पुस्तकातली एकेक वनस्पती मी एकट्यानं शोधली. इथल्या अडाण्यांना काय कळतंय?”

कोंडाबाई ताडकन उठली. “मुतखड्यावरच्या मुळीचं नाव काय लिवलंय, सायेब?”

“चिंधी. पिढ्यान्‌पिढ्या हेच नाव आहे.”

“उपटायच्या आधी खरं नाव घेतलं तर मुळीचा गुण जातो. म्हणून माळावर मुळी उपटायच्या आधीच तुम्ही नाव विचारलंत, तवा मी तोंडाला आलं ते सांगितलं!” असं म्हणून तिनं बाहेर हाक मारली, “चिंधेऽऽ!”

बाभळीखालची शेळी बें बें करत थेट मंचावर चढली.

“एकट्यानं शोधलंत न्हवं? मग माझ्या शेळीचं नाव तुमच्या पुस्तकात शिरलं कसं?”