यशोदेची नजर

एकदा एका वृद्ध चित्रकाराकडे त्याचे दोन बालमित्र पाहुणे म्हणून यायचे ठरले, आणि चित्रकारापेक्षा त्याच्या शिष्यालाच अधिक हर्ष झाला. त्याला कारणही तसेच होते. नदीकाठच्या मंदिराच्या मंडपात गुरुजींनी तीन वर्षे खपून एक भित्तिचित्र पूर्ण केले होते. कृष्ण गोकुळ सोडून निघाला आहे आणि यशोदा दारात उभी आहे. त्यांच्या परंपरेत चित्रातले डोळे सर्वांत शेवटी काढत आणि ते गुरूच काढत असे. या वेळी मात्र यशोदेचे डोळे गुरुजींनी शिष्याकडे सोपवले होते. सात वर्षे नुसते रंग घोटल्यावर हा मान त्याच्या वाट्याला आला होता. गावकऱ्यांनी चित्राला लांबून हात जोडले, प्रसाद घेतला आणि ते घरी गेले. डोळ्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आता जाणकार मंडळी येणार होती. त्यांच्यापैकी कुणीतरी त्या डोळ्यांविषयी एकदा विचारावे, एवढीच बिचाऱ्याची आस होती.

पाहुणे आपापल्या गावांहून आले. मुकुंदरावांच्या तोंडाला विसावा ठाऊक नव्हता, तर नीलकंठराव मितभाषी आणि हसतमुख होते. "दाम्या, अरे किती वाळलास रे!" म्हणत मुकुंदरावांनी गुरुजींना मिठी मारली. आपल्या गुरुजींना 'दाम्या' म्हणणारे कोणी या जगात आहे हे शिष्याला प्रथमच कळले, आणि त्याला हसू आवरता आवरेना.

मग सगळे गाव पाहायला निघाले. घाट पाहिला; त्याच्या पायऱ्या आपण रोज तीनदा धावत उतरतो, असे शिष्याने ऐटीत सांगितले. नीलकंठराव गुरुजींच्या खांद्यावर हात टाकून एकेक पायरी जपून उतरले. दीपमाळ पाहिली, तांबटांच्या आळीत ठोक्याचे हंडे पाहिले. मुकुंदराव म्हणत, "वा, काय घडण आहे!" की मागोमाग नीलकंठराव म्हणत, "खरंच, काय घडण!" जेवताना नीलकंठरावांचा हात लागून पाण्याचा तांब्या कलंडला, तेव्हाही ते नुसते हसले. या गृहस्थांना कलेत काडीचा रस नाही, मेजवानी झोडायला आले आहेत, असा निवाडा शिष्याने मनातल्या मनात देऊन टाकला.

दुपार कलल्यावर मंडळी मंडपाशी आली. आत दिवसाही काळोख असे, म्हणून शिष्याने सकाळीच समई घासून लखलखीत केली होती. त्याने पुढे जाऊन ती लावली. पाहुणे उंबरठ्याशी पोहोचले, तोच गुरुजी म्हणाले, "समई शांत कर. आम्ही आत आलो की दार लोटून घे."

शिष्याला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "गुरुजी, मग चित्र दिसायचं कसं?"

"तू सांग. आम्ही तिघं ऐकतो."

सात वर्षांनी हे फळ! शिष्याने फुलाने ज्योत मालवली आणि दार लोटले. हाताला हात दिसेना. तो रागारागाने सांगू लागला, "मधोमध रथ आहे. त्याला दोन पांढरे घोडे आहेत. डावीकडे गवळणी आहेत."

"अरे, बाजाराची यादी वाचतोस की काय?" मुकुंदराव म्हणाले.

तेवढ्यात नीलकंठरावांनी दिवसभरात पहिला प्रश्न विचारला. "बाळ, यशोदा कुठे बघते आहे?"

शिष्याचा राग कुठल्या कुठे गेला. "ती रथाकडे बघत नाही, काका. शिदोरीची गाठ बांधते आहे आणि त्या गाठीकडेच बघते आहे. गाठ केव्हाच बसली आहे. पण मान वर केली तर भरलेले डोळे दिसतील आणि लेकराचा पाय निघणार नाही. म्हणून ती आपली गाठच बांधत राहते."

मग काळोखातून नीलकंठरावांचा ओला आवाज आला, "दिसली रे बाळा, दिसली."

समई पुन्हा लागली तेव्हा "काय नजर उतरली आहे!" हे आधी नीलकंठराव म्हणाले, आणि मुकुंदरावांनी त्यांची री ओढली.

संध्याकाळी पाहुणे ओसरीवर पहुडल्यावर शिष्याने विचारले, "गुरुजी, अंधार कशासाठी केलात?"

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "निळूची दृष्टी गेली आहे. उजेड आणि अंधार, एवढाच फरक त्याला कळत असावा. सकाळी तो माझ्या आवाजाच्या रोखाने वळला, तेव्हाच माझ्या लक्षात आलं. चाळीस वर्षांनी आम्हाला एक दिवस मिळाला आहे. तो रडण्यात जाऊ नये म्हणून त्याने कुणाला सांगितलं नाही. तो झाकतो आहे, तर उघडं करणारा मी कोण? पण दिवसभर तो आमच्या मागून पाहत होता. मंडपात तरी आम्ही सगळ्यांनी बरोबरीनं पाहावं असं वाटलं." क्षणभर थांबून ते म्हणाले, "तू डोळे उत्तम काढलेस. मात्र तुझी यशोदा आज दिवसभर तुझ्या शेजारून चालत होती, आणि तुला ती ओळखता आली नाही."

शिष्याने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे नावेने निघाले. घाटाच्या माथ्यावर शिष्य नीलकंठरावांपाशी गेला. "काका, दव पडलं की या पायऱ्यांवर माझा पाय सरकतो. जरा हात देता का?"

"एवढा तरणाताठा तू, आणि पायऱ्यांना भितोस?" नीलकंठराव मनापासून हसले आणि त्यांनी ऐटीत हात पुढे केला. दोघे सावकाश उतरू लागले.

"अरे, पण हा तर काल म्हणाला, रोज तीनदा धावत..." मुकुंदराव बोलू लागले. गुरुजींनी त्यांचा हात घट्ट दाबला. मुकुंदरावांनी खाली उतरणाऱ्या त्या दोघांकडे नीट पाहिले, आणि आयुष्यात प्रथमच ते वेळेवर गप्प बसले.