घोडीपुढचे पाणी

कातळमाचीच्या पारावर चार पायांची एक लाकडी घोडी उभी आहे आणि तिच्यापुढे पाण्याने भरलेली दगडी डोणी. लाकडाला पाणी कशाला, असे पाहुणे हसून विचारतात. विचारोत बापडे. घोडी म्हणजे जनावर, सुतार ज्यावर फळी टेकवतो ती घोडी, तंबोऱ्याच्या तारा पेलते तीही घोडीच. शहाणे लोक या शब्दाची मुळे कुठे कुठे खणत बसतात. गावाला विचाराल तर मूळ एकच, ते या पारावर.

फार पूर्वी माचीवर पाणी नव्हते म्हणे. भिवरा नावाची एकटी बाई आपल्या घोडीवर कातडी पखाली लादून नदीचे पाणी वर आणी. त्या घोडीवाचून तिला दुसरे कोणी नव्हते. गावाचा नियम असा, की वाटणी ठरल्याशिवाय पखालीची गाठ सोडायची नाही, आणि सोडायची ती पाटलानेच.

एका उन्हाळ्यात पहिली वाटणी कोणाची, यावरून दोन आळ्या भांडायला बसल्या. सकाळची दुपार झाली. घोडी भारासकट उन्हात उभी.

"पाटीलबाबा, भार तेवढा उतरवू द्या की," भिवरा म्हणाली.

"थांब जरा, भिवरे. ठरतंयच आता."

तिने दोरीला लावलेला हात मागे घेतला. तंटा मिटला, पाटील उठले, पण त्यांचा हात गाठीला लागण्याआधीच घोडी खाली बसली, ती पुन्हा उठली नाही.

भिवरा रडली नाही. तिने ओळीने सगळ्यांना पाणी वाटले, रिकाम्या पखाली खांद्यावर टाकल्या आणि घरी गेली. पुढे तिला काही वाटेनासेच झाले, असे सांगतात. राग नाही, भूक नाही. गाव शरमले. पाळीपाळीने लोक स्वतः नदीवर जाऊ लागले. सुताराने ही घोडी केली: आधी भार हिच्यावर, मग काय ते बोलणे. आणि त्या गेलेल्या घोडीच्या नावाने हिच्यापुढे पाण्याची डोणी भरून ठेवली.

बरीच वर्षे गेली. एकदा भिवरा डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन पारापाशी आली. घोडी गेली त्या दिवशी भांडणात सर्वांत मोठा आवाज जिचा होता, ती ठकू म्हातारी लगबगीने उठली. तिने भारा उतरवून घोडीवर ठेवला. तेव्हा भिवरा त्या लाकडाला मिठी मारून रडली म्हणे.

आजही कातळमाचीत ओझे घेऊन आलेल्याला कोण, कुठले, असे आधी कोणी विचारत नाही. मघाशी तुम्ही आलात, तेव्हा नाव विचारण्याआधी आम्ही तुमच्या पाठीवरच्या पिशव्या उतरवून घेतल्या ना, त्या यासाठीच.