हिरव्या डहाळ्यांचा हिशोब

फार पूर्वी डोंगराच्या कुशीत शेळ्या पाळणाऱ्यांचं एक गाव होतं. तिथे एक रीत होती. शेळी आजारी पडली, की त्याच दिवशी गोठ्याच्या दाराला कडुनिंबाची ताजी डहाळी बांधायची आणि ती मग बदलायची नाही. म्हणजे बाकीचे आपल्या शेळ्या तिकडे फिरकू देत नसत.

एका वर्षी साथ आली आणि बघता बघता गल्लीगल्लीत डहाळ्या दिसू लागल्या. त्यातच गावातलं गवत संपलं. सगळ्यांच्या शेळ्या एकत्र करून नदीपलीकडच्या कुरणात न्यायची वेळ झाली.

कारभारी चावडीवर म्हणाला, "वीस दारांना डहाळ्या. मेल्या किती? दोन! एवढ्यासाठी बाकीच्या उपाशी ठेवायच्या का? उद्या निघायचं."

सगळ्यांना हायसं वाटलं. एका तरुणीला मात्र नाही. ती मुळातच भित्री, भांडं पडलं तरी दचकायची. तिची एकुलती एक शेळी नुकतीच व्याली होती. ती गेली तर दोन्ही करडंही जाणार.

घरी जाताना ती दारं बघत चालली. डहाळ्या कशा हिरव्यागार होत्या! शेजारच्या आजीच्या दारची तेवढी वाळलेली. आजीची शेळी परवाच मेली होती.

"आजी, आजारी पडली तशी लगेच गेली का हो?"

"छे गं! बरेच दिवस तग धरला बिचारीनं. पाला वाळायला लागला, तेव्हा गेली."

ती तशीच माघारी फिरली आणि गावभर सगळी दारं बघून धापा टाकत चावडीवर पोचली.

"कारभारीकाका, थांबा!"

"घ्या! हिला सावली हलली तरी लांडगा दिसतो," कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

तरी ती बोलली. "वाळलेल्या डहाळ्या चारच आहेत, काका. त्या चारांतल्या दोन मेल्या. उरलेल्या सोळा तर आत्ताच आजारी पडल्यात. त्या जगल्याच असं कसं धरता?"

"चार शेळ्यांवरून काय कळतं?"

"नसेल कळत. मी चुकले तर खुशाल हसा. पण पाला वाळेपर्यंत तरी कळप एकत्र करू नका."

कारभारी उठला. दोन-चार दारांचा पाला त्याने बोटांनी चुरून पाहिला. ओला होता. त्याचा चेहरा उतरला.

"कुणी कुठे जायचं नाही," तो म्हणाला. "आपापल्या शेळ्या आपापल्या दारात. चारा रानातून तोडून आणू."

डहाळ्या वाळत गेल्या, तशा त्या सोळांतल्या निम्म्या शेळ्या दगावल्या. त्या घरांतली माणसं रडली. पण ज्या दारांना डहाळी नव्हती, तिथे ती बांधायची वेळच आली नाही. साथ तिथल्या तिथे विझली.

मग एका सकाळी कळप नदी उतरला. कारभाऱ्याने आपल्या धडधाकट शेळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "पोरी, त्या दिवशी निघालो असतो, तर आज हाकायला निम्म्याच उरल्या असत्या गं."

तिला काही ऐकू गेलं नाही. तिची करडं उड्या मारत केव्हाच पुढे पळाली होती, आणि ती हसत त्यांच्यामागे धावत होती.

तात्पर्य इतकंच: साथ वाढत असताना अजून आजारी असलेल्यांना वाचलेल्यांत धरू नये, निकाल लागेपर्यंत सावध राहावं.