मंगळवारची झालर

एका राज्यात नद्या उताराने वाहत, जादूगार रीतसर लग्नं करीत आणि राजा प्रतापधवल न्यायाने राज्य करी. पण आपली गोष्ट राजाची नव्हे, गोजराची. ही गोजरा बेचक्यावर झालर विणी. बेचकं म्हणजे दोन सरळ दांड्या, खाली जोडलेल्या. दांड्यांभोवती धागा घ्यायचा, क्रोशाच्या सुईने मधोमध टाका घालायचा, बेचकं फिरवायचं, पुन्हा टाका. दोहों बाजूंना कड्या लोंबत आणि मधून टाक्यांचा कणा सरळ धावे. हात असा, की अप्सरांनी झालर मागून न्यावी! खोड मात्र एकच. कणा केसभर सरकला की बाई सगळं उसवून टाकी. काम म्हणून कधी वेळेवर झालं नाही. गिऱ्हाईक दारात आलं की नवरा सुभाना पुढे होई आणि म्हणे, "झालंच आहे हो! फक्त टोक राहिलंय. मंगळवारी या." बायको उसवते, हे त्याने कधी कुणाला कळू दिलं नाही.

जादूगार विकटनाथाला लग्नाच्या शेल्याला झालर हवी होती. तो सात मंगळवार आला. आठव्या खेपेस सुभानाने तोंड उघडलं, "फक्त टोक..." तोच विकटनाथ कडाडला, "तेच तेच बोलतोस? जा, साळुंकी हो!" सुभाना साळुंकी झाला आणि आढ्यावर जाऊन बसला. जादूगार तसाच तणतणत दरबारात गेला. हकिकत ऐकून महाराजांना हसू फुटलं.

"हसतोस? मग हसतच राहा!"

तेव्हापासून महाराज हसतच राहिले. शेजारच्या राजाने आजी वारल्याचा खलिता धाडला. महाराज मांडी थोपटून हसले. शेजारी सैन्य जमवू लागला.

गोजरा रडत विकटनाथाकडे गेली. "नाथ, उसवणारी मी. ते नुसते माझ्यासाठी खोटं बोलत होते. त्यांना सोडा."

"तीन कामं कर," विकटनाथ म्हणाला. "साळिंदराच्या काट्यांचं बेचकं कर. शापित खजिन्यावरच्या कोळ्याचा धागा आण. आणि झालर येत्या मंगळवारी, सूर्य मावळायच्या आत, माझ्या हाती दे. दिलीस तर दोन्ही शाप उतरतील. चुकलीस तर पाखरू पाखरूच राहील."

पहिली दोन कामं ऐकून ती निश्चिंत होती. तिसरं ऐकलं आणि तिला दरदरून घाम फुटला.

साळिंदर म्हणालं, "दोन काटे घे. गुदगुल्या मात्र करू नकोस." तिने अलगद घेतले. खजिन्याच्या गुहेत सोनं "घे, घे!" म्हणून ओरडत होतं, आणि ज्यांनी घेतलं ते तिथेच दगड होऊन बसले होते. कोळ्याने विचारलं, "सोनं नको?"

"सोन्याला टाका बसत नाही," गोजरा म्हणाली. कोळी इतका खूश झाला की त्याने धाग्याचा भलामोठा गुंडा दिला.

मग विणकाम सुरू झालं. साळुंकी खांद्यावर बसून म्हणे, "छान आहे! पुढे चल!" तरी बाईने दोनदा उसवलंच. शनिवारी सुभानाने अळी खाल्ली आणि "बरी लागली हो" म्हणाला. सोमवारी त्याने विचारलं, "बाई, आपण कोण?" त्यानंतर गोजराने सुई खाली ठेवली नाही.

मंगळवारी दिवस कलता झालर पुरी झाली. तिने ती मांडीवर पसरली, आणि हाय रे दैवा! बरोबर मध्यावर कणा डावीकडे सरकलेला. उसवावं तर निम्मं काम जाणार. सूर्य झाडांना टेकला होता. हात आपसूक धाग्याच्या टोकाकडे गेला.

खांद्यावरची साळुंकी तिच्याकडे पाहत होती. बायको कोण, घर कुठलं, सारं विसरून गेलेली. तरी ती हळूच म्हणाली, "उसव, उसव. कुणी आलं तर मी सांगतो, टोक राहिलंय म्हणून."

गोजराला रडूच कोसळलं. झालर पदरात कोंबून ती अनवाणी धावत सुटली.

विकटनाथाने झालरीवरून बोट फिरवलं. मध्यावर बोट थांबलं. "इथे कणा सरकलाय."

गोजराचे कान तापले. असलं काम तिने जन्मात कुणाला दिलं नव्हतं. "सरकलाय. मला दिसतंय. तरी आणलीय. घ्या."

विकटनाथाने एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "घेतली," तो म्हणाला.

सुभाना होता तिथेच, तिच्या खांद्यावर, माणूस झाला. दोघं धाडकन आडवी झाली. तिकडे दरबारात महाराजांचं हसू थांबलं आणि ते शेजाऱ्याच्या आजीसाठी इतके रडले, की शेजाऱ्यालाच संकोच वाटून त्याने सैन्य माघारी नेलं. राज्यात सारं जिथल्या तिथे आलं.

दुसऱ्या दिवशी विकटनाथाचं लग्न झालं. झालरीची वाहवा चालली होती. गोजराला मात्र ती एकच जागा दिसत होती. शेला जवळून गेला की तिचा हात आपोआप पुढे होई. अखेर सुभानाने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि लग्न लागेपर्यंत गच्च धरून ठेवला.